उठबस : खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांच्या पुनर्वसनाचा इतिहास

वृद्धपणी मोडणाऱ्या हाडांमध्ये मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचे स्थान वेगळे आहे. मनगट मोडले तर हात गळ्यात बांधून घरात वावरता येते; बरगडीला इजा झाली तर श्वास घेताना दुखते, पण माणूस पडवीत येऊन बसतो. खुबा मोडला म्हणजे मात्र त्या क्षणापासून माणूस जमिनीवरून उठत नाही. त्यासाठी उंचावरून पडावे लागते असेही नाही. न्हाणीत पाय सरकला, पावसाळ्यात अंगणातील शेवाळावरून घसरला, रात्री उठताना उंबऱ्याची ठेच लागली, एवढे कारण पुरते. हाडांची घनता वयोमानाने घटलेली असते. स्त्रियांच्या बाबतीत ऋतुसमाप्तीनंतर ती अधिक वेगाने घटते आणि म्हणून या रुग्णांत वृद्ध स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून मोठे असते.

हे हाड जोडण्याचे शास्त्र कसे वाढले याचा इतिहास शल्यशास्त्राच्या ग्रंथांतून विस्ताराने आलेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तो नव्हे. हाड जोडल्यावर माणसाला पुन्हा उभे करण्याची विद्या महाराष्ट्रात कोणी आणली, कोणासाठी आणली, आणि रुग्ण बरा झाला हे कोणत्या मापाने ठरविले गेले, हे येथे पाहावयाचे आहे. असा प्रश्न एखाद्या गावाच्या संदर्भात विचारला म्हणजे उत्तर अधांतरी राहत नाही. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील, खांब हे गाव घेतले आहे.

मुंबई-गोवा महामार्गाने नागोठणे मागे टाकून सुकेळीची खिंड उतरली की कोलाडच्या अलीकडे खांब लागते. तालुका रोहे. 'खांब' हा शब्द संस्कृत 'स्कम्भ', प्राकृत 'खंभ' या मार्गाने मराठीत आला. 'स्तंभ' या संस्कृत शब्दाशी त्याचा अर्थ जुळत असला तरी त्याचे कूळ निराळे आहे. गाव भातशेतीचे. या भागातील जुन्या पद्धतीचे घर जोत्यावर उभे असते: दोन-तीन पायऱ्या, पडवी, ओटी, मग उंबरा आणि आत माजघर, मागील दाराशी न्हाणी. आता घरे पक्की झाली, सारवलेल्या भुईच्या जागी गुळगुळीत फरशी आली. ओल्या पायांना ती सारवणाहून अधिक घातक आहे. पण राहणीचा पाया बदललेला नाही. तो जमिनीवर आहे. निवडणे-टिपणे, विळीवर चिरणे, देवापुढे बसणे, पाटावर जेवणे, नातवंडाला मांडीवर घेणे, दुपारी भुईवर आडवे होणे, ही सर्व कामे जमिनीशी आणि जमिनीवरून उठण्याशी बांधलेली आहेत. खुर्ची घरात असते. पण ती पाहुण्यासाठी असते. पुढील विवेचनात या एका गोष्टीचा पुनःपुन्हा संबंध येईल.

जुन्या भारतीय वैद्यकात या दुखापतीची जाण होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सांगितले आहेत. चिकित्सास्थानात जंघा आणि ऊरू यांच्या भग्नासाठी रुग्णाला फळीवर निजवून पाच खुंट्यांना बांधून ठेवण्याची योजना आहे. कटिभागातील काही भग्ने त्या ग्रंथाने असाध्य म्हणून वर्ज्य मानली. वयाचा विचारही तेथे आहे: तरुणपणी सांधा एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात त्याला दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तपशील हाताच्या तळव्याच्या भग्नाविषयीचा आहे. हाड जुळल्यावर रुग्णाने प्रथम मातीचा गोळा हातात धरावा, पुढे मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड, असा क्रम तेथे दिला आहे. चढत्या भाराने स्नायूला पूर्वस्थितीला आणणे ही कल्पना इतकी स्पष्टपणे इतक्या जुन्या ग्रंथात यावी, हे लक्षणीय आहे. तथापि हा क्रम हातासाठी सांगितला; मांडीसाठी फळी आणि खुंट्याच राहिल्या. हातासाठी व्यायाम आणि पायासाठी शय्या, हा भेद पुढेही दीर्घकाळ टिकून राहिलेला दिसतो.

गावोगावच्या हाडवैद्यांची विद्या याच मर्यादेत होती. बांबूच्या कामट्या, लेप आणि घट्ट पट्टी यांनी नडगी किंवा पुढचा हात ते चांगल्यापैकी जोडत. त्यांच्या हाताचा गुण ही केवळ दंतकथा नव्हती. खुब्यापुढे मात्र कामटी हतबल होते. तो सांधा जाड स्नायूंच्या आत खोल असतो, आणि बाहेरून कसेही बांधले तरी मोडलेली दोन टोके परस्परांवर हलत राहतात. पाय आखूड होतो, पाऊल बाहेरच्या बाजूला वळते. घरातील जाणत्यांना ही खूण ठाऊक असे आणि तिचा अर्थही ठाऊक असे. 'अंथरूण धरले' हा मराठी वाक्प्रयोग अशा वेळी वर्णन म्हणून नव्हे, निकाल म्हणून उच्चारला जाई.

युरोपातही स्थिती फार वेगळी नव्हती. लंडनचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या भग्नाचे दोन वर्ग केले: सांध्याच्या वेष्टनाच्या आतील आणि बाहेरील. आतील भागात हाडाच्या गोळ्याकडे जाणारा रक्तपुरवठाच तुटतो, म्हणून ते हाड सहसा जुळत नाही, हे त्यांनी सांगितले. या निदानाचे श्रेय त्यांना सर्वत्र दिले जाते. त्यांच्या उपचाराचा उल्लेख मात्र क्वचित होतो, आणि तोच येथे अधिक मोलाचा आहे. दीर्घकाळ पायाला ताण देऊन निजवून ठेवलेली म्हातारी माणसे दगावताना पाहून त्यांनी ती रीत सोडली. पायाखाली उशी ठेवून दहा-पंधरा दिवस विश्रांती, मग रोज उठवून उंच खुर्चीत बसविणे, पुढे कुबड्या, आणि शेवटी काठी, असा क्रम त्यांनी घालून दिला. हाड जुळले नाही तरी माणूस उठला पाहिजे, हे या उपचाराचे मर्म होय. त्यानंतर शंभर वर्षे बहुतेक रुग्णालये कूपर यांचे निदान शिकवीत राहिली आणि त्यांचा उपचार विसरून गेली.

धातूच्या युगाचा वृत्तांत थोडक्यात आटोपता येईल. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी तीन पाती असलेल्या खिळ्याने हाडाची मान जोडण्याचे तंत्र १९३१ साली प्रसिद्ध केले. अमेरिकेतच ऑस्टिन मूर यांनी १९४० साली धातूचा गोळा बसविला, आणि १९५० च्या सुमारास मूर व थॉम्पसन यांची कृत्रिम गोळ्यांची रचना प्रचारात आली. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये १९६२ साली संपूर्ण सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया स्थिर पायावर आणली. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी १९६५ साली आपले अस्थिरुग्णालय सुरू केले, आणि पुढील काळात या शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात रूढ झाल्या. या सर्व घडामोडींचा खरा परिणाम हाडावर झाला त्याहून अधिक शय्येवर झाला. पायाला वजन लावून आठ-दहा आठवडे निजवून ठेवण्याची गरज उरली नाही. रुग्णाला दुसऱ्या दिवशी उभे करणे शक्य झाले. निजून राहणे हाच एक रोग आहे, हे दरम्यान वैद्यकाला पटू लागले होते. रिचर्ड ॲशर यांनी १९४७ साली अंथरुणाच्या धोक्यांवर लिहिलेला छोटा लेख आजही उद्धृत केला जातो. पाठीला पडणारे व्रण, फुप्फुसाचा दाह, शिरांत गोठणारे रक्त, मूत्रमार्गाचा संसर्ग, आणि या सर्वांहून निमूटपणे चालणारा स्नायूंचा क्षय, हे मोडलेल्या हाडाचे परिणाम नसून निजण्याचे परिणाम आहेत.

आता महाराष्ट्राकडे वळू. पुन्हा उभे करण्याची विद्या येथे संघटित रूपाने आली ती सुमारे एका तपात. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. १९४७ साली फातेमा इस्माईल यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांच्या उपचाराचे कार्य सुरू केले. त्यामागे त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या आजाराचा अनुभव होता. १९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय काढले. त्याच रुग्णालयात १९५३ साली भौतिकोपचाराचे विद्यालय जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने उभे राहिले. १९५५ साली हाजी अली येथे संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था सुरू झाली.

यांपैकी कमलाबाई निंबकर यांचे कार्य मराठी वाचकाला अधिक परिचित असावयास हवे होते. त्या मूळच्या अमेरिकन. एलिझाबेथ लंडी हे त्यांचे माहेरचे नाव. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या येथील झाल्या, आणि मध्यंतरी अमेरिकेला जाऊन व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन आल्या. १९५२ साली व्यवसायोपचारकांचा जागतिक संघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता, हे त्यांच्या खटपटीचे फळ. (लेखिका जाई निंबकर या त्यांच्या सूनबाई व इरावती कर्वे यांच्या कन्या, महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात अशी नाती अनपेक्षित ठिकाणी भेटतात.) फिजिओथेरपी अंगाला बळ देते, तर व्यवसायोपचार ते बळ कामाला लावून पाहतो: कपडे नेसणे, घास तोंडापर्यंत नेणे, न्हाणे. 'व्यवसाय' या शब्दाने मात्र मराठीत घोटाळा केला. त्या शब्दाचा रूढ अर्थ धंदा असा असल्यामुळे, शेती मुलाच्या नावावर करून मोकळ्या झालेल्या वृद्धेला आपल्याला कसला व्यवसायोपचार, असे वाटले तर तो तिचा दोष नव्हे.

या संस्थांची यादी पाहिली म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. सैनिक, पोलिओचे मूल, यंत्रात हात सापडलेला कामगार, हे त्यांचे रुग्ण. वृद्ध माणूस त्यांत अभावानेच आहे. त्याबद्दल संस्थापकांना दूषण देणे अन्यायाचे होईल. १९६१ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण देशात सुमारे साडेपाच टक्के होते. २०११ साली ते ८.६ टक्के आणि महाराष्ट्रात जवळजवळ १० टक्के झाले. पोलिओची साथ समोर असताना साधने मुलांकडे वळली हे स्वाभाविक होते. इंग्लंडमध्येही मार्जरी वॉरन यांनी १९३५ पासून वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात 'असाध्य' म्हणून वर्षानुवर्षे निजवून ठेवलेल्या वृद्धांना उठवून चालविले, तेव्हा कोठे वृद्धवैद्यक ही शाखा उदयास आली. आणि हेस्टिंग्ज येथे मायकेल डेव्हस व बॉबी आयर्विन यांनी अस्थिशल्यज्ञ आणि वृद्धवैद्य यांना एकाच कक्षात आणले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मात्र येथे एक दुसरेही कारण असावे, आणि ते भाषेत शोधले पाहिजे.

या विद्येसाठी मराठीने 'पुनर्वसन' हा शब्द घेतला. मूळ इंग्रजी शब्द 'रिहॅबिलिटेशन' लॅटिनमधील 'हाबिलिस' म्हणजे समर्थ, योग्य, या विशेषणावरून आला. 'पुन्हा समर्थ करणे' हा त्याचा अर्थ. 'हाबितारे' म्हणजे राहणे हे त्याचे भावंड आहे खरे, कारण दोहोंचे मूळ 'हाबेरे' या एकाच क्रियापदात आहे. पण भावंडे म्हणजे एकच व्यक्ती नव्हे. मराठी शब्द 'वस्' या धातूवर उभा राहिला आणि सामर्थ्याच्या जागी वस्ती आली. हा शब्द रूढ होत होता त्या वर्षांत त्याच्या अर्थाला घट्ट आकार देणाऱ्या घटनाही घडत होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची कल्याणजवळची छावणी १९४९ साली उल्हासनगर झाली. १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटून पुण्यातील हजारो कुटुंबे उघड्यावर आली. पुढे १९७६ आणि १९८६ साली प्रकल्पग्रस्तांविषयीचे कायदे झाले. रायगड जिल्ह्यात तर हा शब्द आजही याच अर्थाने जिवंत आहे: २०२१ साली महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ साली खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेल्यावर वाचलेल्यांचे 'पुनर्वसन' हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी होता.

घर गेलेल्याचे पुनर्वसन होते. खुबा मोडलेली वृद्धा तर घरातच असते. ती विस्थापित दिसत नाही. तिची वस्ती सुटलेली नाही. तिला जेवण मिळते, औषध मिळते, सून पाठ पुसून देते. मग तिचे पुनर्वसन ते कसले? शब्दाने ज्या जागेवर बोट ठेवावयाचे ती जागाच झाकून टाकली. एका शब्दामुळे एवढा इतिहास घडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण अर्ज, योजना आणि अंदाजपत्रके शब्दांनीच लिहिली जातात, हेही विसरता येत नाही.

मापाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. रुग्ण बरा झाला म्हणजे काय? शल्यज्ञाचे उत्तर क्ष-किरणाच्या चित्रात असते. त्या उत्तराने समाधान न झालेल्या वैद्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दुसरे माप शोधले. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील बेंजामिन रोज रुग्णालयात सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी ज्या रुग्णांचे निरीक्षण करीत होते त्यांत प्रामुख्याने खुबा मोडलेली वृद्ध माणसे होती. त्यांतून १९६३ साली त्यांनी दैनंदिन क्रियांची सूची प्रसिद्ध केली. तीत सहा क्रिया आहेत: स्नान, वस्त्रे घालणे, शौचास जाणे, एका आसनावरून दुसऱ्यावर जाणे, मलमूत्रावरील ताबा, आणि जेवण. या क्रिया परत येतात त्या एका ठरावीक क्रमाने येतात आणि तो क्रम लहान मूल त्या शिकते त्या क्रमाशी मिळताजुळता आहे, असे त्यांना आढळले. खुब्याच्या रुग्णांनी वृद्धवैद्यकाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी म्हणावी लागेल. आज जगभर कोणत्याही व्याधीच्या वृद्धाला हेच माप लावले जाते. १९६५ साली मॅहनी व बार्थेल यांनी शंभर गुणांची दुसरी सूची दिली; तीत जिने चढण्याचाही समावेश झाला.

दोन्ही सूच्या खुर्ची-पलंगाच्या देशात जन्मल्या. आसनांतर म्हणजे त्यांच्या लेखी पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर. जमीन त्यांच्या दृष्टिपथात नाही, कारण तेथे जमिनीवर येणे म्हणजे पडणे. खांब येथील वृद्धेला हे माप लावले तर विलक्षण निकाल हाती येईल. उंच खाट, भोक असलेली शौचाची खुर्ची, न्हाणीत प्लास्टिकचे स्टूल आणि हातात चौपायी आधार, एवढे दिले की सहाही क्रियांत ती स्वावलंबी ठरेल. आणि तरीही ती विळीपाशी बसू शकणार नाही, देवापुढे बसू शकणार नाही, पंगतीत तिचा पाट मांडला जाणार नाही, आणि शेजारीण आली तर ती भुईवर व ही खाटेवर, असे वेगळ्याच उंचीवरून बोलणे चालेल. सूचीत ती बरी आहे. घरात ती पाहुणी झाली आहे.

मराठीत या क्रियेला एक जुना शब्द आहे: उठबस. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो नेमका आहे, कारण उठणे आणि बसणे या दोन क्रियांना तो एकच शक्ती मानतो, आणि तसे ते आहेच. मांडीच्या पुढील आणि नितंबाच्या स्नायूंनी आकुंचन पावून शरीर वर ढकलावयाचे, आणि त्याच स्नायूंनी हळूहळू सैल होत ते खाली उतरवावयाचे. वृद्धांची घसरगुंडी पुष्कळदा बसताना होते, हे या उतरत्या क्रियेच्या दुबळेपणामुळे. पण शब्दाचा आवाका येथे संपत नाही. अमक्याची तमक्यांत उठबस आहे म्हणजे त्यांच्या संगतीत तो वावरतो. पाहुण्यांची उठबस करणे म्हणजे त्यांचे आगतस्वागत, खाणेपिणे पाहणे. आणि कोकणातील घरात गणपती-शिमग्याला मुंबईचे चाकरमानी आले म्हणजे ही उठबस हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रीचा मान असतो. देहाची हालचाल, माणसांतील वावर आणि घरातील पद हे तिन्ही अर्थ मराठी भाषकाने एका शब्दात ठेवले. खुबा मोडल्यावर तिन्ही एकदमच जातात, यात नवल नाही. कॅट्झ यांच्या सूचीत पहिला अर्थ अर्धाच आला आहे.

देशी राहणी ध्यानात घेऊन उपचारच बदलण्याचा प्रयत्न भारतात झाला नाही असे नाही. जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडविलेले कृत्रिम पाऊल १९६८ पासून जगाला ठाऊक झाले. परदेशी पाऊल बुटात घालण्यासाठी होते. त्याने उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलात अनवाणी चालता येत नसे. जयपूरच्या पावलाने या तिन्ही गोष्टी साधल्या. खुब्याच्या वाट्याला असा कारागीर आला नाही. १९७० साली मनमोहन सिंग, नागरथ आणि मैनी या भारतीय संशोधकांनी खुब्याच्या क्ष-किरणचित्रातील रेषांवरून हाडाचा विरळपणा ओळखण्याची पद्धत दिली आणि 'सिंग निर्देशांक' म्हणून ती सर्वत्र मान्य झाली; पण ती हाडाची परीक्षा होती, उठबशीची नव्हे.

येथे शस्त्रक्रियेच्या प्रकाराचा एक भेद सांगितला पाहिजे, कारण रुग्णाच्या घरी तो बहुधा पोहोचत नाही. मोडलेले हाड खिळा किंवा स्क्रू घालून जोडले असेल तर सांधा रुग्णाचा स्वतःचाच राहतो. हाड पक्के जुळल्यावर आणि वैद्याने अनुमती दिल्यावर जमिनीवर बसण्यास तत्त्वतः आडकाठी नसते. गोळा काढून कृत्रिम गोळा बसविला असेल, विशेषतः मागील बाजूने, तर आरंभीचे काही आठवडे सांधा काटकोनापलीकडे वाकविणे, पायावर पाय टाकणे, खाली बसणे वर्ज्य असते; तो निखळण्याचा धोका असतो. पहिल्या रुग्णाला दुसऱ्याचे पथ्य लागू झाले की ती विनाकारण जन्मभर खाटेवर राहते. उलट झाले तर पुन्हा रुग्णालय. 'खाली बसू नका' एवढेच वाक्य दोघींच्या घरी सारखेच पोहोचते.

खांबहून रुग्णालयापर्यंतच्या वाटेचा इतिहास या विषयाचाच भाग आहे. मुंबईची मोठी रुग्णालये येथून शंभराहून अधिक किलोमीटर. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला तोपर्यंत गाडीरस्ता ठाण्याला वळसा घालून जाई. रोह्यापर्यंत रेल्वे आली ती १९८६ साली. मोडक्या खुब्याच्या रुग्णाला बैलगाडीत किंवा एस. टी. त घालून इतके अंतर नेणे म्हणजे काय, याची कल्पना केली तर 'या वयात कशाला हाल' या घरच्यांच्या उद्गारात केवळ हेळसांड होती असे म्हणवत नाही. २०११ पासून महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम पळस्पे ते इंदापूर या टप्प्यात, म्हणजे खांबच्या दारातच, दशकाहून अधिक काळ रेंगाळले. त्या खड्ड्यांतून गेलेल्या रुग्णांना दूरची शस्त्रक्रिया जवळ आली असे वाटले नसेल. तरीही परिस्थिती पालटली आहे. २०१२ च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण मिळाले. शस्त्रक्रियेचा खर्च हा पूर्वीचा अडसर बऱ्याच अंशी दूर झाला.

परंतु या योजनांचा कणा रुग्णालयातील दाखला हा आहे, आणि उठबस रुग्णालयात परत येत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत रुग्ण घरी येतो, आणि चालणे मिळविण्याचा काळ तेथून पुढे कित्येक महिने चालतो. २०१०-११ साली आखलेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी पुनर्वसन कार्यकर्त्याने जावे अशी तरतूद आहे. तरतूद शहाणपणाची आहे. मात्र ती ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवरील एका माणसावर टेकलेली आहे, आणि तालुक्यातील वाड्या-पाडे डोंगरात विखुरलेले आहेत. परिणामी हे काम घरात पडते, आणि घरात ते सुनेकडे जाते. शेतीच्या दिवसांत, लावणीच्या घाईत, तिच्याकडे वेळ नसतो तेव्हा वृद्धेला 'पडून राहा, उठू नकोस' असे सांगितले जाते. ते प्रेमाने सांगितलेले असते, आणि त्यातच धोका आहे.

वस्तुतः या घरांत पुनर्वसनाची साधने शिल्लक आहेत. कूपर यांची उंच खुर्ची, सुश्रुताचा मातीचा गोळा, मिठाचा खडा आणि दगड, या सर्वांचे तत्त्व एकच: भार थोडा, रोज आणि चढता. उंच खाटेच्या कडेवर बसून हातांच्या आधाराने उठणे, मग आधार कमी करणे, मग बसण्याची जागा थोडी खाली आणणे; खाटेवरून खुर्ची, खुर्चीवरून ठेंगणे स्टूल, आणि वैद्याची अनुमती असेल तेथे शेवटी चौरंग व पाट. पडवीचा कठडा धरून पाय बाजूला उचलणे. काठी दुखऱ्या नव्हे, तर धडक्या पायाच्या बाजूच्या हातात. बहुतेक जण ती उलट धरतात, कारण दुखऱ्या बाजूला आधार हवा असे मनाला वाटते. भौतिकोपचाराच्या विद्यालयांत शिकविला जाणारा पायरीचा नियमही साधा आहे आणि जोत्याच्या पायऱ्यांना तो तसाच लागू पडतो: चढताना धडका पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. उंबऱ्याला मात्र दोन्ही बाजू असतात. माजघरातून ओटीवर येताना तो सपाट भुईवर ओलांडावयाचा असल्याने प्रथम काठी पलीकडे टेकवावी, मग दुखरा पाय न्यावा, आणि चौकट धरून त्यामागून धडका पाय आणावा.